घरातलं ऑफिस थाटताना: आधी स्वतःला मोजा, मग टेबलाला

मार्च २०२० मध्ये ऑफिसने ‘काही दिवस घरूनच करा’ असं सांगितलं आणि मी लॅपटॉप उचलून जेवणाच्या टेबलावर ठेवला. पाठीमागे उशी, बुडाखाली चौघडी घातलेली सोलापुरी चादर. तीन महिन्यांनी मानेला पट्टा लागला, तेव्हा घरच्यांनी ठरवलं की आता टेबल करून घ्यायचंच. सुतार आला, बेडरूमची भिंत मोजली, कानावरची पेन्सिल काढली आणि म्हणाला, “ताई, उंची तीस इंच धरतो. सगळ्यांचं तीसच असतं.” मी मान हलवली. मान हलत होती तेवढीच.

टेबल सुरेख झालं, खांदे मात्र दुखायचे थांबले नाहीत. दुखणं कशाचं आहे हे कळायला मला आणखी आठ महिने लागले. ते कळलं एका इंची टेपमुळे. म्हणून या लेखात टेबल-खुर्ची पुढे येईल, आधी टेप. मी जीएसटीची आणि हिशोबाची कामं करते, दिवसाचे सात-आठ तास बसून. घर पुण्यातलं दोन बीएचके, कामाची जागा दहा बाय अकराच्या बेडरूमचा एक कोपरा. तुमचं घर आणि काम वेगळं असेल, पण मोजण्याची रीत तीच लागेल.

पहिलं काम: स्वतःची चार मापं

एक सपाट, कडक स्टूल घ्या. मऊ सोफा किंवा पलंग चालणार नाही. अनवाणी बसा, कारण घरी आपण बूट घालून काम करत नाही आणि तिथेच एक-सव्वा इंचाचा फरक पडतो. दोन्ही तळवे जमिनीवर सपाट टेकलेले आणि मांड्या जमिनीला समांतर हव्यात. स्टूल उंच होत असेल तर पायाखाली रद्दीचे गठ्ठे सरकवा आणि त्यांच्या वरच्या पातळीलाच जमीन समजा. टेप दुसऱ्याच्या हातात द्या. स्वतः मोजायला गेलं की माणूस वाकतो आणि माप चुकतं.

पहिलं माप जमिनीपासून गुडघ्यामागच्या खळग्यापर्यंतचं. ही तुमची बसण्याची उंची. दुसरं माप घेताना खांदे सैल सोडा, दंड शरीरालगत आणि कोपर काटकोनात ठेवा, आणि बैठकीपासून कोपराच्या खालच्या टोकापर्यंत मोजा. तिसरं माप पाठीच्या मागच्या टोकापासून गुडघ्यामागच्या खळग्यापर्यंतचं. चौथं, ताठ पण सहज बसून जमिनीपासून डोळ्यांपर्यंत.

माझी उंची पाच फूट दोन इंच. माझं पहिलं माप साडेपंधरा इंच आलं, दुसरं नऊ. बेरीज साडेचोवीस. म्हणजे पाय नीट टेकून बसले तर माझं कोपर जमिनीपासून साडेचोवीस इंचांवर असतं आणि सुतारदादांनी तीस इंचांचं टेबल दिलेलं. साडेपाच इंचांचा हा फरक मी आठ महिने खांदे उचलून भरून काढत होते. नवरा पाच फूट नऊ इंच. त्याची बेरीज सतरा अधिक साडेनऊ, म्हणजे साडेसव्वीस. त्यालाही तीस जास्तच.

मग तीस इंच नेमकं कुणाचं? जेवणाला ठीक, कारण तिथे घास वर यायचा असतो. वहीवर पेनाने लिहितानाही टेबल कोपराच्या थोडं वर असलेलं चालतं. कीबोर्डचं तसं नाही. कीबोर्डवर बोटं टेकलेली असताना मनगट कोपराच्या पातळीत किंवा किंचित खाली हवं, आणि कीबोर्डची स्वतःची जाडी पाऊण इंच असतेच.

हे चार आकडे कागदावर लिहून फोनमध्ये त्याचा फोटो ठेवा. दुकानात गेल्यावर लागतात.

दुसरं काम: जमिनीवर वर्तमानपत्र

टेबल केवढं मावेल हे डोळ्यांनी ठरवू नका. जोडलेल्या वर्तमानपत्रांतून टेबलाच्या आकाराचा तुकडा कापा, जमिनीवर चिकटपट्टीने लावा आणि दोन दिवस त्याच्या भोवताली वावरा. आमच्याकडे पहिल्याच सकाळी कळलं की कपाटाचं दार उघडलं की ते कागदावर चार इंच येतं. टेबल आलं असतं तर रोज साडी काढताना दार अडकलं असतं.

टेबलाच्या मागे, म्हणजे खुर्चीसाठी, निदान तीन फूट मोकळे हवेत. तीस इंचांत उठता येतं, पण मागून कुणी जायचं असेल तर प्रत्येक वेळी पुढे सरकावं लागतं.

खिडकी बाजूला घ्या. खिडकी समोर असेल तर डोळे दिपतात. पाठीमागे असेल तर स्क्रीनवर उजेडाचा चौकोन उमटतो आणि व्हिडिओ कॉलवर तुमची नुसती काळी आकृती दिसते. उजव्या हाताने लिहीत असाल तर उजेड डावीकडून आलेला बरा.

प्लग पॉइंट कुठे आहेत ते याच वेळी बघा. लॅपटॉप, मॉनिटर, राउटर, फोन आणि दिवा असे पाच प्लग सहज होतात. बहुतेक बेडरूममध्ये पलंगाशेजारी एक आणि टीव्हीसाठी एक एवढेच पॉइंट असतात. टेबल आल्यावर वायर ओढत बसण्यापेक्षा इलेक्ट्रिशियनला आधी बोलवा आणि टेबलाच्या पातळीच्या थोडं वर, भिंतीतच एक बोर्ड काढून घ्या. घरात इन्व्हर्टर असेल तर राउटर आणि दिव्याचा पॉइंट त्या लाइनवर घ्यायला सांगा. लाइट गेल्यावर लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, राउटर मान टाकतो, आणि मीटिंगमधून बाहेर फेकले जातो ते त्याच्यामुळे.

आणि भिंत बघा. बाहेरच्या बाजूची, पावसाचा मारा खाणारी भिंत असेल तर टेबल तिला टेकवू नका, दोन इंच सोडा. कोकणात किंवा घाटमाथ्याजवळ राहत असाल तर ही गोष्ट मी सांगायला नकोच.

तिसरं काम: खुर्ची. टेबलाच्या आधी.

आम्ही टेबल आधी केलं, ती चूक. टेबल साधी फळी असते, ती खालीवर करता येते. खुर्चीला मात्र तुमचं अंग सात-आठ तास झेलायचं असतं. शिवाय खुर्ची किती खाली येते त्यावर टेबलाची उंची ठरते. म्हणून खुर्ची आधी.

दुकानात शिरलात की विक्रेता बहुधा एका काळ्या, फुगीर, रेक्झिनच्या ‘बॉस चेअर’कडे नेईल. तिच्यात बसल्यावर क्षणभर फार बरं वाटतं. तिथेच फसगत आहे. गादी जाड असल्यामुळे आपण आत रुततो, पाठीचा मधला भाग पोकळीत जातो, आणि हात ठेवायच्या दांड्या वर-खाली होत नाहीत. उन्हाळ्यात रेक्झिनला पाठ चिकटते आणि दोन-तीन वर्षांत त्याचे काळे पापुद्रे फरशीवर पडायला लागतात. गेमिंग चेअरचंही मला थोडंफार तसंच वाटतं. तिच्या खांद्याजवळच्या कानांनी नुसती जागा खाल्ली जाते.

बघायचं ते असं.

बैठकीची किमान उंची. गॅसच्या नळकांड्यावर वर-खाली होणाऱ्या बऱ्याच खुर्च्या सतरा ते अठरा इंचांच्या खाली येत नाहीत. माझी बसण्याची उंची साडेपंधरा. म्हणजे खुर्ची सगळ्यात खाली आणूनही माझे पाय अर्धवट लोंबकळतात आणि बैठकीची कड मांडीखाली रुतते. पाच फूट तीन इंचांच्या आतल्या कुणालाही, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक बायकांना, हे सोसावं लागतं. काही ठिकाणी आखूड नळकांडं बसवून मिळतं, ते विचारा. नाही मिळालं तर पायाखाली काहीतरी लागेल. त्यावर माझा उपाय पुढे आहेच.

बैठकीची खोली. इथे तिसरं माप कामाला येतं. पाठ टेकून बसल्यावर बैठकीची कड आणि गुडघ्यामागचा खळगा यांत दोन-तीन बोटं आडवी जायला हवीत. माझं माप अठरा इंच, म्हणजे मला सोळा इंच खोलीची बैठक पुरे. एकोणीस इंच खोलीच्या खुर्चीत मी एक तर पाठ न टेकता बसते, नाही तर पाय पुढे काढून घसरते. बैठक मागेपुढे सरकवता येत असेल तर उत्तम, विशेषतः एकच खुर्ची दोघं वापरणार असाल तर.

कमरेचा आधार. खुर्चीच्या पाठीला जो फुगवटा असतो तो परकराची नाडी किंवा पँटचा पट्टा येतो तिथे, किंवा जरासा वर लागायला हवा. तो वर-खाली सरकतो का ते हाताने करून बघा. ‘सरकतो’ असं ऐकून विश्वास ठेवू नका.

हात ठेवायच्या दांड्या. उंची बदलता येईल अशाच घ्या. न बदलणाऱ्या दांड्यांपेक्षा दांड्याच नसलेली खुर्ची बरी, कारण स्थिर दांड्या टेबलाच्या कडेवर आपटतात, खुर्ची आत जात नाही, आणि मग माणूस पुढे झुकून काम करतो.

जाळी की फोम? पुण्या-मुंबईत, विदर्भात तर नक्कीच, पाठीला जाळी घ्या. एप्रिलमध्ये दुपारी तीन वाजता तुम्ही माझं नाव काढाल. बैठकीला मात्र मला दाबलेला, कडक फोम आवडतो. स्वस्त खुर्चीतली बैठकीची जाळी वर्षभरात झोळीसारखी होते. फोम अंगठ्याने जोरात दाबा. तळाची फळी लागली तर ती खुर्ची सोडा.

खाली वाकून बघायच्या गोष्टी दोन. पाच पायांचा तळ नायलॉनचा आहे की धातूचा, आणि नळकांड्यावर कोणता वर्ग लिहिलाय. ‘क्लास ४’ सगळ्यात दणकट समजला जातो. वजन नव्वद किलोंच्या पुढे असेल तर धातूचा तळ घ्या. आणि चाकं: आपल्या घरांत गुळगुळीत व्हिट्रिफाइड फरशी असते. कडक नायलॉनची चाकं तिच्यावर घसरतात आणि रात्री खालच्या मजल्यावर गाडा ओढल्यासारखा आवाज जातो. रबरासारख्या मऊ पीयूच्या चाकांचा संच वेगळा मिळतो आणि हाताने ओढून बदलता येतो.

दुकानात किमान पंधरा मिनिटं बसा. विक्रेता कंटाळू दे. फोनवर एखादा लेख वाचा, दांड्यांवर हात ठेवून टाइप करून बघा. ऑनलाइन घेणार असाल तर परत करण्याची मुदत आणि परत पाठवण्याचा खर्च कोण देणार हे आधी वाचा. जोडलेली खुर्ची मूळ खोक्यात परत भरणं म्हणजे लग्नातली साडी घडीवर घडी पुन्हा पिशवीत बसवण्यासारखं आहे.

*जुनी खुर्ची*

माझी सध्याची खुर्ची जुनी आहे. एका बंद झालेल्या ऑफिसातून निघालेली, नवी असती तर मला परवडली नसती. मुंबईकरांना जोगेश्वरीचा ओशिवरा बाजार माहीत असेलच, इतर शहरांतही ऑफिसांचं जुनं सामान विकणारे असतात. चांगल्या बनावटीची पाच वर्षं वापरलेली खुर्ची ही त्याच पैशांत मिळणाऱ्या नव्या, हलक्या खुर्चीपेक्षा जास्त टिकते, असं माझं ठाम मत आहे. पण तपासून घ्या. ती सगळ्यात वरच्या उंचीवर आणून दहा मिनिटं बसा आणि हळूहळू खाली उतरतेय का बघा. उतरत असेल तर नळकांडं गेलंय. ते बदलता येतं, पण भाव त्याप्रमाणे करा. मग खुर्ची उलटी करा आणि पाच पाय मध्याला मिळतात तिथे बारीक चिरा आहेत का ते पाहा. शेवटी बैठकीखालची शिवण मोबाइलच्या उजेडात उघडून बघा. काळे ठिपके दिसले तर ढेकूण. अशी खुर्ची फुकट दिली तरी घरी आणू नका.

चौथं काम: टेबलाची उंची काढणं

आता गणित सोपं आहे. खुर्ची ज्या उंचीवर तुम्ही खरोखर वापराल तो आकडा घ्या, त्यात कोपराचं माप मिळवा. ती टेबलाची वरची पातळी.

माझी खुर्ची साडेसतराच्या खाली येत नाही. साडेसतरा अधिक नऊ, म्हणजे साडेसव्वीस. नवीन टेबल करत असते तर तेवढंच सांगितलं असतं. पण टेबल आधीच झालेलं होतं, म्हणून त्याच सुताराला बोलावलं. तो टेबलाखाली उकिडवा बसला, पायांना जमिनीपासून चार इंचांवर जोडलेल्या आडव्या पट्टीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, “दोन इंच काढतो. त्यापेक्षा जास्त काढलं तर ही पट्टी फरशी पुसायला आडवी येईल.” गॅलरीत टेबल उलटं टाकून त्याने चारही पाय करवतले. अठ्ठावीस झालं. आता मी खुर्ची एकोणीसवर ठेवते, आणि साडेपंधराच्या पायांना साडेतीन इंचांचा आधार लागतो. तो आधार म्हणजे सासूबाईंचा जुना, जाड पाट. खाली रबराची चकती लावली की सरकत नाही. नवरा संध्याकाळी बसतो तेव्हा पाट बाजूला सरकवतो आणि खुर्ची इंचभर खाली घेतो.

पाचवं काम: टेबल

खोली, म्हणजे तुमच्याकडून भिंतीकडचं अंतर, चोवीस इंचांपेक्षा कमी नको. वेगळा मॉनिटर ठेवणार असाल तर सत्तावीस-अठ्ठावीस घ्या, कारण स्क्रीन हातभर लांब हवी. लांबी अठ्ठेचाळीस इंच पुरते. माझ्यासारखं फायली पसरून काम असेल तर साठ. लांबी फार असली की कोपऱ्यात इस्त्रीचे कपडे येऊन बसतात, हा अनुभव आहे.

टेबलाखाली पूर्ण रुंदीचा ड्रॉवर घेऊ नका. चार-पाच इंचांचा ड्रॉवर मांडीच्या जागेवर येतो आणि तुम्ही खुर्ची खाली घेता. मग पुन्हा खांदे वर. ड्रॉवर हवाच असेल तर एका बाजूला, किंवा चाकांचं वेगळं तीन खणांचं कपाट.

माल कोणता? सुताराकडून करून घेत असाल तर प्लायवुडवर ‘आयएसआय’ छाप आणि त्यासोबतचा आकडा बघा. आयएस ३०३ हा साध्या प्लायचा, त्यात एमआर म्हणजे ओलाव्याला जेमतेम तोंड देणारा आणि बीडब्ल्यूआर म्हणजे पाण्याला त्याहून बरा, असे दोन प्रकार. आयएस ७१० म्हणजे ज्याला दुकानदार ‘मरीन’ म्हणतात तो. कोरड्या बेडरूममधल्या टेबलाला मरीनची गरज नाही, तिथे बीडब्ल्यूआर घेतला तर पुरेसा. किनाऱ्यालगत किंवा ओल येणाऱ्या खोलीत मात्र पैसे टाका. आठ बाय चारचा एक ताव बत्तीस चौरस फूट असतो, चार बाय दोनच्या फळीला त्यातला पाव ताव लागतो. उरलेल्या मालातून वरचं छोटं शेल्फ काढून घ्या आणि तावाचे पैसे देताना उरलेला माल कुठे गेला हे विचारायला लाजू नका.

जाडी अठरा-एकोणीस मिलिमीटर. चार फुटांची फळी नुसत्या दोन टोकांच्या आधारावर ठेवली तर मॉनिटरच्या वजनाने कालांतराने मधोमध पोट सोडते. मागच्या बाजूने खाली एक उभी पट्टी मारून घ्या किंवा चौकोनी लोखंडी पाइपची चौकट करून घ्या. लोखंडी चौकटीचा दुसरा फायदा म्हणजे फरशीतून वर येणाऱ्या वाळवीला लाकूड लगेच सापडत नाही.

तयार, खोक्यातून येणारं टेबल बहुधा पार्टिकल बोर्डचं, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचं असतं. एकदा जोडलं आणि हलवलं नाही तर वाईट नाही. पण भाड्याच्या घरात दर अकरा महिन्यांनी सामान उचलणाऱ्याने ते घेऊ नये. दुसऱ्यांदा स्क्रू आवळताना भोकातून भुसा निघतो आणि पकड जाते. कडेची पट्टी सुटून पाणी आत गेलं की बोर्ड पावासारखा फुगतो, मग त्याला इलाज नाही. भाडेकरूंनी लोखंडी पाय आणि वरून नट-बोल्टने बसणारी प्लायची फळी असं सुटं टेबल करावं. टेम्पोत उभं राहतं आणि नव्या घरात वीस मिनिटांत जोडून होतं.

वरचा सनमायका मॅट घ्या. चकचकीत घेतला तर ट्यूबलाइट त्यात दिसते. पांढराशुभ्रही नको, दिवसा डोळ्यांवर येतो. फिकट लाकडी किंवा राखाडी बरा. आणि सुताराला एक गोष्ट आवर्जून सांगा: पुढची कड गोल करा. सरळ कापलेली, सनमायक्याची धार असलेली कड मनगटाच्या खालच्या बाजूला रोज टोचते. महिन्याभराने करंगळीला मुंग्या यायला लागल्या तर आधी त्या कडेकडे बघा. मागच्या कोपऱ्यात वायरसाठी गोल भोक पाडून घ्या. त्याचं प्लास्टिकचं झाकण हार्डवेअरच्या दुकानात ‘वायर मॅनेजर’ म्हणून मिळतं.

जागा फारच कमी असेल तर भिंतीला घडी होणारं टेबल करता येतं. पण आधी भिंत ठोकून बघा. नव्या इमारतींमध्ये आतल्या भिंती बऱ्याचदा सिपोरेक्सच्या हलक्या ठोकळ्यांच्या असतात. त्यांत साधा प्लग आणि स्क्रू धरत नाही, त्या ठोकळ्यांसाठीचे वेगळे लांब फास्टनर लागतात. अशा टेबलावर कोपर टेकून उठायची सवय असेल तर एक बाजू तरी जमिनीवर टेकणारी ठेवा.

*बटणाने वर-खाली होणारं टेबल*

घेण्याआधी आठवडाभर स्वयंपाकाच्या ओट्यावर उभं राहून काम करून बघा. ओटा साधारण बत्तीस-चौतीस इंचांचा असतो आणि उभ्याने माझं कोपर एकोणचाळीसवर येतं, म्हणून लॅपटॉपखाली पोह्यांचा डबा लागतो. आठवडाभर रोज तासभर उभं राहिलात तर टेबल घ्या. तिसऱ्या दिवशी खुर्ची ओढलीत तर पैसे वाचले. आणि बुटक्या माणसांनी त्याची कमाल उंची बघत बसू नये, किमान बघावी. स्वस्तातल्या, पाय दोन टप्प्यांत सरकणाऱ्या टेबलांची चौकटच अठ्ठावीस इंचांच्या आसपास थांबते, वर फळीची जाडी वेगळी. तीन टप्प्यांचे पाय चोवीस-पंचवीसपर्यंत येतात.

बाकीचं

लॅपटॉप जसाच्या तसा वापरला तर मान किंवा हात यांपैकी एक दुखणारच, कारण स्क्रीन आणि कीबोर्ड एकमेकांना बांधलेले. तो ठोकळ्यांवर उंच करा आणि वेगळा कीबोर्ड-माउस घ्या. या दोन वस्तू सगळ्या यादीत सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गुणकारी. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या पातळीत, इथे चौथं माप लागतं. मात्र जवळचं-लांबचं एकाच काचेत असलेला चष्मा असेल तर हा नियम मोडा. आपण खालच्या काचेतून वाचतो, स्क्रीन वर असली की हनुवटी उचलावी लागते. मी सत्तेचाळीस वर्षांची आहे, मॉनिटर दोन-अडीच इंच खाली केला आणि मानेचा पट्टा माळ्यावर गेला.

दिवा टेबलावर जागा न खाणारा, कडेला चिमट्याने बसणारा घ्या. कपाटांवर मी फार खर्च करणार नाही. फायलींना दाराचं कपाट हवं, कारण उघड्या शेल्फवर पुण्याची धूळ आठवड्यात बसते. पाय दुमडून चौरंगावर काम करणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. आमचे आजोबा गादीवर बसून उतरत्या डेस्कावर खतावण्या लिहायचे. पण त्यांचं डेस्क उतरतं होतं आणि मागे तक्क्या होता. सपाट चौरंगावरचा लॅपटॉप वीस मिनिटांपुरता.

पैसे कसे वाटायचे

माझा हिशोब असा: एकूण रकमेतले निम्मे खुर्चीला, तीस टक्के टेबलाला, उरलेले वीज, दिवा, कीबोर्ड आणि ठोकळ्यांना. वीस हजार असतील तर दहा हजारांची खुर्ची. दहाच हजार असतील तर पाच हजारांत जुनी खुर्ची शोधा आणि टेबल नवीन करू नका, घरातलं एखादं वापरून त्याचे पाय कापा. सगळं एका दिवशी आणू नका. खुर्ची आणा, जेवणाच्या टेबलाशी दोन आठवडे वापरा, मग सुताराला बोलवा. त्याला फोनमधला कागद दाखवा, आणि तो ‘सगळ्यांचं तीसच असतं’ म्हणाला तर हसून आपला आकडा पुन्हा सांगा. बिल घ्या. खुर्चीच्या हमीत नळकांडं आणि यंत्रणा धरली आहे का, की नुसती चौकट, हे बिलावरच लिहून घ्या. आणि मोठं टेबल असेल तर लिफ्टचं दार आणि जिन्याचं वळण मोजा. आमच्या शेजाऱ्यांचं साठ इंचांचं टेबल दोन दिवस पार्किंगमध्ये उभं होतं.

पहिला आठवडा

सगळं आल्यावर जुळवणी खालून वर करा. आधी पाय टेकवा, मग बैठकीची उंची, मग कमरेचा आधार, दांड्या, कीबोर्ड, शेवटी स्क्रीन. उलट क्रमाने केलं तर एक बदललं की बाकीचं पुन्हा बदलावं लागतं. मग आठवडाभर कुठे दुखतंय ते लिहा. खांद्यांच्या वरच्या बाजूला दुखत असेल तर टेबल किंवा दांड्या जास्त उंच आहेत. मान मागून दुखत असेल तर स्क्रीन फार खाली आहे, हनुवटीखाली ओढ बसत असेल तर फार वर आहे. मांडीच्या मागे मुंग्या आल्या तर बैठक जास्त उंच किंवा जास्त खोल आहे. कंबर दुखत असेल तर बहुतेक वेळा तुम्ही पाठ टेकतच नाही आहात. काही केलं तरी हातापायांत बधिरपणा राहिला तर फर्निचर बदलू नका, डॉक्टरांना दाखवा.

आमच्याकडे आता सगळं जागेवर बसलंय, एक गोष्ट सोडून. गौरी येतात तेव्हा सासूबाईंना तो पाट लागतो. आदल्या दिवशी त्या तो टेबलाखालून काढतात, तोंडातल्या तोंडात पुटपुटत चिंचेने घासतात, आणि तीन दिवस माझे पाय जुन्या वर्तमानपत्रांच्या दोन गठ्ठ्यांवर असतात. गठ्ठे साडेतीन इंचांचे बांधलेत. मोजून.